तुझी डावी, बाकीचं माझं

गेर्डीन वेसेलिंक देशासाठी अकरा वर्षं हॉकी खेळली आणि तिने एकही गोल केला नाही. हे ती कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकते, कारण विचारणारा फिरून फिरून तिथेच येणार असतो. चेंडू घेऊन चौघींना चकवत गेली, असा एखादा प्रसंग तिच्या नावावर असलाच तर तो कोणाच्या पाहण्यात नाही. तिचं काम वेगळं होतं. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की आपल्या गोलरेषेवरून सुसाट निघायचं आणि जी बाई अंगातला सगळा जोर काढून चेंडू मारणार आहे, थेट तिच्या अंगावर जायचं. चेंडू काठीला लागला तर उत्तम. गुडघ्याखाली लागला तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर, म्हणजे पुन्हा धावायचं. गुडघ्याच्या वर लागला तर मारणारीची चूक. त्यामुळे गेर्डीनला गुडघ्याच्या वर लागलेलं बरं वाटायचं.

हल्लीच्या मुली ह्या कामाला तोंडावर मुखवटा आणि गुडघ्यांना जाड ढाली बांधून जातात. गेर्डीनच्या वेळी दातांवर बसवायची रबरी पट्टी होती, आणि ती बहुतेक वेळा पिशवीत असायची. समोरचे दोन दात म्हणूनच तिचे स्वतःचे नाहीत. डाव्या हाताची करंगळी घड्याळाच्या काट्यासारखी बाहेर वळलेली आहे, आणि उजवा गुडघा हवा बदलायच्या आदल्या दिवशी कळवतो. इसेल नदीच्या काठावरच्या तिच्या गावात हवा रोजच बदलते, म्हणजे गुडघ्यालाही सुट्टी नाही.

ह्या धावण्यात एक गोम आहे. गोलच्या बाजूला रेषेवर उभी असलेली बाई चेंडू आत ढकलते, त्याच क्षणी निघावं लागतं. आधी निघालात तर पंच परत बोलावतो, उशिरा निघालात तर कशाला निघालात. आणि तिच्या हाताकडे बघत बसलं तर उशीर होतोच होतो. म्हणून गेर्डीन बघायची नाही. ती नाकासमोर नजर लावून वाकून उभी राहायची आणि मागून आवाज आला की सुटायची. तो आवाज फेन्नाचा. फेन्ना टेर ब्राक गोलरक्षिका होती. चेंडू ढकलणाऱ्या हाताकडे ती बघायची आणि म्हणायची, "जा."

सामना सुरू होण्याआधी दोघींमध्ये तेच एक वाक्य व्हायचं. फेन्ना म्हणायची, "तुझी डावी, बाकीचं माझं." गोलची डावी बाजू गेर्डीनने अंगाने झाकायची, उरलेल्या गोलाची जबाबदारी फेन्नाची. एवढाच त्यांचा डावपेच होता आणि तो अकरा वर्षं पुरला. गेर्डीनने कधी मागे वळून पाहिलं नाही, आणि फेन्नाने 'जा' म्हटल्याशिवाय ती कधी हलली नाही. मैत्री म्हणतात ती हीच असेल तर त्यांची होती. दोघींपैकी कोणी तो शब्द वापरल्याचं मात्र कोणाला आठवत नाही.

सुरुवात डुकरामुळे झाली. गेर्डीनचे वडील, डेर्क वेसेलिंक, डुकरं पाळायचे आणि संध्याकाळी आपला ट्रॅक्टर नेऊन गावच्या क्लबच्या मैदानावर रोलर फिरवायचे. तेव्हा मैदान गवताचं होतं. क्लब डॉक्टरांचा, नोटरींचा, कानात मोत्याचे डूल घालणाऱ्यांचा. डेर्क मागच्या दाराने यायचे आणि मागच्या दाराने जायचे, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, कारण ट्रॅक्टर पुढच्या दाराने आत येत नसे. एका शनिवारी मुलींचा सामना चालू असताना ट्रेलरमधलं एक माजलेलं डुक्कर सुटलं आणि मैदानात घुसलं. मुली किंचाळत पळाल्या. गोलमध्ये डॉक्टरांची फेन्ना होती. पायाला बांधलेल्या जाड पॅडमुळे तिला पळता येईना. रेषेबाहेर दहा-अकरा वर्षांची गेर्डीन उभी होती, रबरी बूट घालून.

"अगं ए, तुमचं डुक्कर आहे ना?" फेन्ना ओरडली. "मग जा ना!"

गेर्डीन गेली. डुकराने तिला आडवं केलं, पण त्यामुळे त्याची दिशा बदलली आणि ते गोल सोडून पार्किंगकडे गेलं. तिथे नोटरींची गाडी होती. तो भाग पुढे वकिलांकडे गेला आणि ह्या कहाणीत त्याचं काम नाही. प्रशिक्षक हार्म याने चिखलातून उठणाऱ्या त्या मुलीला विचारलं, "काय गं, हातात काठी कधी धरलीयेस?"

"डुकरं हाकायला," गेर्डीन म्हणाली.

"तीच धरायची," हार्म म्हणाला.

पुढचं सगळं रीतसर झालं. गावचा संघ, मग विभागाचा, मग देशाचा. इतर मुली कौशल्यावर निवडल्या गेल्या. गेर्डीनला निवडलं, कारण निवड समितीपुढे चेंडू मारणाऱ्या तिघी बायका तिच्यासमोर चेंडू मारायला कचरल्या. फेन्ना गोलरक्षणात खरोखर निष्णात होती, पण तीही म्हणायची, "मला पळायचा कंटाळा, म्हणून मी गोलमध्ये." एकीला पळायचा कंटाळा आणि दुसरीला थांबायचा, असं ते जमलं होतं.

मोठ्या स्पर्धेचा तो अंतिम सामना अजून लोक काढतात. समोर कोणता देश होता ते इथे सांगायला नको, त्यांना अजून लागतं. शेवटची मिनिटं, एका गोलाची आघाडी, आणि समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर. फेन्ना म्हणाली, "जा." गेर्डीन गेली, नडगीवर लागला. पुन्हा कॉर्नर. "जा." ती करंगळी. पुन्हा कॉर्नर. गेर्डीन लंगडत रेषेवर आली तेव्हा कर्णधार मार्लीस म्हणाली, "बदलू या का हिला?" फेन्ना म्हणाली, "विचार तिला." गेर्डीन म्हणाली, "शेंडी तुटो की पारंबी." तिसऱ्या वेळी मांडीवर लागला, गुडघ्याच्या चांगला वीतभर वर, आणि पंचाने हात उलट्या दिशेला दाखवला. संपला सामना. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो होता. समोरून दोन्ही हात वर केलेली फेन्ना, आणि तिच्यापुढे पाठमोरी कोणीतरी. तोच फोटो मोठा करून क्लबच्या बारवर लावला आहे. खाली पाटी आहे, 'फेन्ना टेर ब्राक, एका सहकाऱ्यासह'. गेर्डीन बारवर कामाला असली की त्या काचेवरची धूळ तीच पुसते. पाटी बदलायचं दोन-तीनदा ठरलं, पण तो विषय समितीकडे गेला आणि समितीकडे जे जातं ते तिथेच राहतं.

खेळ सुटल्यावर गेर्डीन गावच्या तलावावर पोहायला शिकवू लागली. तिच्या देशात पाणी घराच्या उंबऱ्यापर्यंत असतं, त्यामुळे पोरांना अंगावर कपडे आणि पायात बूट घालून पाण्यात पडायला शिकवतात. कारण कालव्यात पडताना कोणी कपडे काढून पडत नाही. पोरं काठावर थरथरत उभी राहायची. बाकीच्या मास्तरणी "चल, मार उडी, शाब्बास!" म्हणायच्या. गेर्डीन खिशात हात घालून उभी राहायची. एक शब्द नाही. मूल पडायचं तेव्हा पडायचं. पालकांनी तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, "जा म्हणणं हे माझं काम नाही." पालकांना ते पोहण्याविषयी वाटलं.

वर्षं गेली. त्या संघातल्या सगळ्या साठीला टेकल्या. मार्लीस आता पाणी-मंडळात बंधाऱ्यांचं बघते. तिने ठरवलं, सगळ्यांनी एकदा भेटू या. तिने मोबाइलवर तारखांचा तक्ता पाठवला, जिला ज्या दिवशी जमेल तिने तिथे खूण करायची. कोणाचा बर्फावर घसरायला जायचा आठवडा होता, कोणी गाडी घेऊन फ्रान्समध्ये, कोणाचं गायनमंडळ. आणि बुधवार तर विचारूच नका, बुधवार नातवंडांचा. सगळ्या मिळून मोकळा असा एक दिवस काही निघाला नाही. मार्लीसने पुढच्या वर्षाचा तक्ता पाठवला. मग त्याच्या पुढच्या. भेट काही झाली नाही, पण तक्ता भरण्याची सवय सगळ्यांना लागली.

अशात फेन्नाला कर्करोग झाला. आधी उपचार, मग बरं वाटलं, मग तो हाडांत उतरला.

गेर्डीन सुरुवातीला जायची. फेन्नाचं घर सायकलवर पाच मिनिटांच्या अंतरावर. मग फेन्ना चाकाच्या खुर्चीत बसली, आणि गेर्डीनचं जाणं कमी झालं. निघणं मात्र बंद नाही झालं. ती दर दोन दिवसांनी निघायची, फेन्नाच्या गल्लीच्या तोंडाशी यायची, खिडकीतला पलंग बघायची, आणि तशीच सरळ पुढे जाऊन चीजच्या दुकानात शिरायची. बाहेर पडलं आहे म्हटल्यावर काहीतरी घेऊन यायला हवं. जिऱ्याचं चीज, जुनं चीज, बकरीचं चीज. घरात चीज साचलं.

"अजून किती दिवस आजारी राहणार आहे ती?" नवरा बेरेंडने एकदा विचारलं. "फ्रिजमध्ये जागा नाही."

बेरेंड दुधाचा टँकर चालवायचा. त्याला बोलायची सवय नाही, पण जे बोलतो ते मोजून बोलतो. गेर्डीनला ते लागलं. समोरून ताशी शंभरच्या वेगाने येणाऱ्या चेंडूवर जाणारी ही बाई एका दारावरची घंटी दाबू शकत नव्हती, आणि ते तिला कळत होतं. तिला भीती वाटत होती. एवढी मोठी भीती तिला पूर्वी कधी वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं हेही तिला माहीत नव्हतं.

मार्च संपता संपता फेन्नाचा निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर आला. 'मी ठरवलंय. गुरुवारी दुपारी, घरी. बुधवारी तुमची नातवंडं असतात आणि शुक्रवारी डॉक्टरबाई कामावर नसतात. त्याआधीच्या रविवारी दुपारी सगळ्या माझ्याकडे या. फुलं नकोत, शिंका येतात.'

इच्छामरणाचं ती बोलत होती हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. तिथल्या कायद्याला लागणारे कागद, दुसऱ्या डॉक्टरचं मत, सगळं आधीच झालं होतं. तासाभरात सगळ्यांची उत्तरं आली. येते, येते, येते. बर्फ, फ्रान्स, गायनमंडळ, काही आडवं आलं नाही. मार्लीसला रडू आलं, आणि रडून झाल्यावर थोडा रागही आला, की हिला जमलं ते आपल्याला इतकी वर्षं का जमलं नाही.

सगळ्यात शेवटी गेर्डीनचं उत्तर आलं. 'रविवारी माझी बार-ड्यूटी आहे.'

थोड्या वेळाने तिचा फोन वाजला.

"गेर्डीन, हे काय लिहिलंयस?" फेन्नाचा आवाज बारीक झाला होता, पण सूर तोच.

"बार-ड्यूटी आहे. बारापासून."

"मग बदली बघ की."

"मिळत नाहीये."

दुसरी कोणी असती तर फोन आपटला असता. पण फेन्ना त्याच क्लबमध्ये वाढलेली. बार-ड्यूटी म्हणजे काय ते तिला माहीत होतं. सभासद झालात की बारी येते. बारी आली की बारमागे उभं राहून लोकांना खाणंपिणं द्यायचं, नाहीतर आपली बदली आपण शोधायची. त्यात अपवाद नाही. फेन्ना बार-समितीवर होती तेव्हा तिने नगराध्यक्षांच्या बायकोला ह्याच कारणावरून कडक पत्र धाडलं होतं, आणि त्या बाईचं तर अपेंडिक्स निघालं होतं.

"मग ठीक आहे," फेन्ना म्हणाली.

"ठीक आहे म्हणजे?"

"म्हणजे आम्ही सगळ्या तिकडे येतो."

रविवारी क्लबवर नेहमीची गर्दी होती. बाहेर पोरींचे सामने, आत आईबाप, खुर्च्यांवर ओले कोट. गेर्डीन बारमागे उभी होती आणि चीज घातलेले टोस्टी भाजत होती. चीज घरचं आणलं होतं. दाराशी एकेक म्हातारी दिसू लागली तशी तिचे टोस्टी करपायला लागले. काउंटरच्या आत माणूस अडकलेला असतो, कुठे जाणार. मग चाकाच्या खुर्चीत फेन्ना आली. खुर्ची तिचा मुलगा वाउटर ढकलत होता. वाउटर सहा फूट तीन इंच आहे आणि लवकर रडतो.

"बारीक झालीस गं," मार्लीस म्हणाली.

"ह्यासाठी तीस वर्षं डाएट केलं," फेन्ना म्हणाली. "आता कुठे गुण आला."

बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, बाहेर जाऊन एक शेवटचा पेनल्टी कॉर्नर होऊन जाऊ दे. फेन्ना म्हणाली, "माझ्या अंगावर कोणी चेंडू मारायचा नाही. मला गुरुवारपर्यंत जगायचंय." मग त्यांनी कॉफी घेतली, सफरचंदाचा केक घेतला, आणि कोणाचे गुडघे बदलले, कोणाचे बदलायचे आहेत, ते काढलं. गेर्डीन धुतलेले ग्लास पुन्हा धूत होती.

बऱ्याच वेळाने फेन्ना आपली खुर्ची स्वतः ढकलत काउंटरपाशी आली. काउंटर उंच, त्यामुळे आतून फक्त तिचे पांढरे विरळ केस आणि डोळे दिसत होते.

"एक बिअर. लहान."

"औषधांवर चालते?"

"गेर्डीन."

"बरं," गेर्डीन म्हणाली आणि बिअर काढली.

"मला रुलोफ भेटला दाराशी," फेन्ना म्हणाली. रुलोफ बार-ड्यूटी वाटून देतो. पूर्वी करखात्यात होता आणि अजून तसाच दिसतो. "म्हणाला, तिने बदली मागितलीच नाही. मागितली असती तर मीच उभा राहिलो असतो."

गेर्डीनने ग्लास पुसला. पुसलेला होता तो पुसला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर निदान रुलोफला आधी गाठायला हवं होतं.

"मला यायचं नव्हतं," ती म्हणाली.

"कळलं ते. म्हणून तर आम्ही आलो."

बारच्या मोठ्या खिडकीतून पहिलं मैदान दिसत होतं. लहान मुलींच्या सामन्यात पेनल्टी कॉर्नर चालला होता. गोलरेषेवर मुखवटा लावलेली एक बारकी पोर वाकून उभी होती. चेंडू ढकलला जायच्या आधीच ती धावली आणि पंचाने तिला मागे बोलावलं.

"आधी निघाली," गेर्डीन म्हणाली.

"आवाजाची वाट बघायला शिकवलं नाही कोणी." फेन्नाने बिअरला नुसते ओठ लावले. "ऐक. मला तुझ्याकडून एक काम करून घ्यायचंय. गुरुवारी तू ये."

"फेन्ना..."

"पूर्ण ऐक. डॉक्टरबाई विचारतील, नक्की ना? मी हो म्हणेन, मी ठरवलंय, त्यात काही नाही. पण त्यानंतर मी रेषेवर उभी राहून इकडेतिकडे बघत बसणार. वाउटरचं तोंड बघेन, पडदे बघेन. मला माहितीये मी कशी आहे. मला पळायचा कंटाळा. कोणीतरी मागून म्हणायला पाहिजे."

गेर्डीनला समजलं आणि तिने नळ सोडला. पाणी जोरात वाहू लागलं.

"नाही," ती म्हणाली.

"वाउटरला जमणार नाही."

"मलाही नाही. ते तुझं काम. मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नाही. तलावावरच्या पोरांनासुद्धा नाही."

"म्हणून तर तुला सांगतेय. उठसूट म्हणणारीचं मी ऐकणार नाही."

"मला भीती वाटते, फेन्ना. चेंडू निदान दिसायचा."

"कधी गं दिसला तुला चेंडू? डोळे मिटून पळायचीस. मला माहीत नव्हतं काय?"

हे गेर्डीनने कोणाला सांगितलं नव्हतं. बेरेंडलासुद्धा नाही. तिने नळ बंद केला.

"तुझी डावी, बाकीचं माझं," फेन्ना म्हणाली. "तू तेवढा एक शब्द म्हण. बाकीचं मी बघते."

तेवढ्यात कोणाचा तरी बाप काउंटरवर येऊन दोन टोस्टी आणि एक चॉकलेटचं दूध मागू लागला, आणि गेर्डीनला ते द्यावं लागलं. ती वळेपर्यंत वाउटर खुर्ची घेऊन गेला होता. बिअर तशीच होती. गेर्डीनने ती ओतून टाकली नाही, प्यायली.

मंगळवारी तिने शेडमध्ये सायकलला तेल घालताना तो शब्द म्हणून पाहिला. आवाज फुटला नाही. बुधवारी सकाळी न्याहारीला बेरेंड पावावर चॉकलेटचे दाणे पसरत होता. गेर्डीन त्याच्याकडे बघून म्हणाली, "जा."

बेरेंडने मान वर केली. "कुठे?"

"कुठे नाही. बस."

त्याने पाव खाल्ला. मग म्हणाला, "थोडं जोरात म्हण. तिला ऐकू कमी येतं आता."

गुरुवारी ती निघाली. गल्लीच्या तोंडाशी तिने ब्रेक दाबला नाही, कारण दाबला असता तर चीजचं दुकान उघडं होतं. घंटीही दाबावी लागली नाही. वाउटर दार उघडून उभाच होता.

डॉक्टरबाई सायकलवरून आल्या, हेल्मेट काढलं, हात धुतले. वाउटरच्या बायकोने कॉफी केली. बिस्किटांचा डबा फिरला, प्रत्येकाने एक उचललं आणि डबा मिटला. "आज दोन घ्या," फेन्ना पलंगावरून म्हणाली, आणि डबा पुन्हा फिरला. खिडकीबाहेर लोक कुत्रे घेऊन चालले होते. गेर्डीनने पलंगाशेजारी खुर्ची ओढली.

"तिथे नको," फेन्ना म्हणाली. "मागे ये. तू दिसायला नकोस. आवाज पाहिजे."

गेर्डीन पलंगाच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. तिथून तिला फेन्नाचा माथा दिसत होता, मान दिसत होती, आणि खांदे, जे पूर्वी एवढे लहान नव्हते. अकरा वर्षं फेन्नाने आपल्याला असंच बघितलं असणार, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. पुढे धावणं सोपं होतं. मागे उभं राहून बघणं अवघड, आणि ते काम इतकी वर्षं फेन्ना करत होती. ते आपल्याला आधीच कळायला हवं होतं असं तिला वाटलं.

डॉक्टरबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "फेन्ना, तुम्हाला अजूनही हेच हवं आहे?"

"हो," फेन्ना म्हणाली. स्पष्ट म्हणाली. वाउटरने तिचा हात धरला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मग पडद्यांकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि मान थोडी खाली घातली. डॉक्टरबाईंनी गेर्डीनकडे पाहिलं.

गेर्डीनला खिशात हात घालायची सवय, ते आपोआप खिशात गेले. तिने ते बाहेर काढले.

"गेर्डीन," फेन्ना मागे न वळता म्हणाली, "वेळ काढतेयस. पंच शिट्टी मारेल."

वाउटर रडता रडता हसला. डॉक्टरबाईसुद्धा हसल्या.

"तुझी डावी," गेर्डीन म्हणाली.

"बाकीचं माझं," फेन्ना म्हणाली.

"जा," गेर्डीन म्हणाली. आवाज अख्ख्या मैदानाला पुरेल एवढा निघाला. बाहेर रस्त्यावर एक कुत्रा थांबला आणि मालकाने त्याला ओढून नेलं. फेन्नाने समाधानाने मान हलवली.

संध्याकाळी गेर्डीन घरी आली तेव्हा बेरेंड टेबलाशी बसला होता. त्याने बकरीचं चीज कापून ठेवलं होतं, बरंच. ती कोट न काढता समोर बसली.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

त्याने तिच्या पुढ्यात एक तुकडा सरकवला. मग विचारलं, "वेळेवर निघाली?"

"हो," गेर्डीन म्हणाली. "मी म्हटल्यावरच निघाली."